बेरीज

आठ फायली. आठही मीच तपासलेल्या.
प्रत्येकीच्या शेवटी माझ्याच अक्षरात:
परिणाम नगण्य.
एका खाणीला पाणी लागतं थोडं,
धूळ उडते थोडी,
रस्ता एकच, तोही कच्चा.
खोटं नव्हतं त्यात काही.

आता विंडहुकहून पत्र आलंय,
सुटं सुटं नको,
सबंध वाळवंटाचं एकत्र बघा,
पुढच्या तीस वर्षांचं.
म्हणून हा नकाशा, कुइसेबच्या कोरड्या पात्रात,
चार कोपऱ्यांवर चार दगड.

ओउमा ख्रिस्तोफीना नाराच्या बिया सोलतेय.
नारा म्हणण्याआधी तिची जीभ टाळूवरून सुटते,
टक्.
मी उत्तरेची. मला ते जमत नाही.
अहवालात नारा आहे, टक् नाही.

ती विचारते, धुकं कुठल्या रंगात काढलंय?
मी म्हणते, धुकं... पुढच्या टप्प्यात.
ती हसत नाही. एक बी माझ्या हातावर ठेवते.
"नदी समुद्राला भेटली त्या साली मी बारा वर्षांची.
मग पाणी खाली गेलं.
मूळ गेलं त्याच्यामागे. दम असतो त्याला.
पण आठ दिशांनी आठ जण उपसू लागले
तर बिचाऱ्यानं कुणाकुणाच्या मागे जायचं?"

थेंबे थेंबे तळे साचे, शाळेत घोकून घेतात.
आटतंही तसंच.
आटताना कुणी मोजायला बसत नाही, इतकंच.

रात्री तंबूत पर्याय लिहिले.
पहिला पर्याय: काहीच न करणे.
तो नियमाप्रमाणे पहिला लिहायचा
आणि रिवाजाप्रमाणे कुणी वाचायचा नाही.
या वेळी मी त्यालाच अकरा पानं दिली.

परतताना दगडफुलाचं माळरान.
राखाडी, केशरी, धुक्यावर जगणारं.
त्यात एका लष्करी ट्रकची चाकं
माझ्या जन्माआधीची,
अजून ताजी.
साहेब सांगतात, एन्दापेवा, चाकोरीबाहेर विचार कर.
करते, साहेब.
गाडी मात्र चाकोरीतच ठेवते.

समोरून खाणीचा टँकर आला.
रस्ता एकाचाच.
त्यानं दिवे मिचकावले, हात दाखवला:
घे की बाजूला, एवढंसं तर आहे.

एवढंसं.

मी रिव्हर्स टाकला.
आरशात बघत, मान अवघडेपर्यंत,
दोन किलोमीटर मागे.