शेपटीचा तीन

सलमाबादच्या गल्लीत मशीद ओलांडली की डावीकडचं गॅरेज.
बाहेर पंचेचाळीस, पंख्याखाली त्रेचाळीस,
आणि बू राशिदची जीप, त्रेपन्न सालची,
बॉनेट उतरवून, हजामाच्या खुर्चीत बसल्यासारखी.

म्हणाला, अस्सल आहे, टोलेडोची.
चाकं, चासी, काचेची चौकट, सगळं तिथलंच.
मी म्हटलं, बघू. इंजिन सांगेल.

इंजिन असं सरळ सांगत नाही.
आधी तेल काढावं लागतं, चाळीस वर्षांचं,
डिझेल, तारेचा ब्रश, मग पुन्हा डिझेल.
पाण्याच्या पंपाजवळच्या सपाटीवर नंबर असतो.
आहे.
पण आठ कलंडलाय,
म्हणजे हातानं ठोकलेला, घाईत, एकेक पंच धरून,
आणि त्याच्याखाली कानस फिरल्याचे वळ.
ठोकलेल्या नंबरावर मी कधीच विश्वास ठेवत नाही.
ओतीव आकड्यांवर ठेवतो. बहुतेक वेळा.
जोडाची रेघ जाड, वाळू भरड.
अशी वाळू टोलेडोच्या चाळणीतून सुटली नसती.
आमच्याकडे पगाराच्या आठवड्यात सुटायची.

मग डिस्ट्रिब्युटरच्या मागं, बोट जेमतेम शिरेल तिथं,
एक आकडा, करंगळीच्या नखाएवढा, उठलेला.
बू राशिदनं चष्मा कपाळावर ढकलला:
थलाथा! हा तर अरबी तीन!
कैरोचा रिफअत चहाचा पेला ठेवून छाती काढून उभा:
मग आमच्याकडचंच ओतकाम.
पार्टवाला कुंजुमोन म्हणाला, ओरखडा आहे,
दोन दिनार कमी करा.

मी आरसा धरला. टॉर्च मारला.
त्यांचा तीन काठीवर सरळ उभा राहतो.
ह्याला खाली शेपटी होती,
जी विसरलो की बिळूरकर मास्तर पाटीसकट बोटावर मारायचे.

मी शिरोलीत नऊ वर्षं मोल्डर होतो.
वाळूत खिळ्यानं काढलेलं लोखंडावर उठून येतं,
पण उलटं येतं.
तीन सुलटा हवा तर वाळूत उलटा काढायचा,
ओणवं होऊन, श्वास धरून,
घामाचा थेंब पेटीत पडू न देता
(पडला तर ओततेवेळी रस अंगावर उडतो),
आणि सुपरवायझर पाठमोरा असेपर्यंत.
आण्णाप्पा चौगुले मासा काढायचा.
मी काहीच काढलं नाही.
नग रिजेक्ट झाला तर कुणाचा ते कळेल, ह्या भीतीनं.

हा कोण होता मग?
तिसरी पाळी? त्या दिवसातला तिसरा नग?
घरात तिसरी मुलगी झालेली?
आणि आमच्याकडचाच कशावरून,
आग्र्याचाही असेल,
हिंदीवाल्यांच्या तीनालाही शेपटी असतेच की.
तरी मी तो आमच्यात धरला. माझ्यापुरता.

बू राशिद बराच वेळ टायरवर बसून होता.
मग म्हणाला, बाप सांगायचा,
बहात्तरला इंजिन जाम झालं तेव्हा
लाँचमधून एक आलं, कांद्याच्या पोत्यांखालून.
वर्षभर जीपमध्ये बसलं की डोळ्यांना पाणी.
आम्हाला वाटायचं धूर आहे.
तातोबा, हे कागदावर नको.

कागदावर दोनच चौकोन होते: मूळ, बदली.
मी बदलीवर खूण केली.
(शिरोलीतही पहिली दोन वर्षं माझ्या हजेरीपुढं हाच शब्द.)
कुठलं, हे लिहायला तिथं ओळच नव्हती.

तो ग्राइंडरकडे बघत होता.
मी रंगाचा डबा उघडला.
दोन हात दिले, कारखान्याचा तो राखी हिरवा,
शेपटीवर ब्रश जरा हलका.

वाळल्यावर करंगळी आत घालून बघितली.
लागते.