पाठीवरची चेन

तन्मेशने मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला
आणि म्हणाला, आत्या, बघ, राक्षस येतोय.
मी काजं करत होते. सुई ओठांत.
मान वर केली ती सवयीने पाठच शोधायला:
चेन कुठे आहे?

कारण आमच्या वेळचा राक्षस रबराचा होता.
रविवार सकाळ, रोहेलकरांची पडवी,
अर्धं वेलदूर एका टीव्हीपुढे
आणि अँटेना धरायला एक पोर कायमचं कौलांवर.
राक्षस पुठ्ठ्याचं शहर तुडवायचा,
रुपेरी माणूस आभाळातून उतरायचा,
झोंबाझोंबीत राक्षस एकदा तरी वळायचाच,
की दिसायची
मानेपासून कमरेपर्यंत लांब चेन,
वर झाकायला लावलेले खवले,
तेही डाव्या बाजूला उसवलेले.
पोरं ओरडायची.
मी टाके मोजायचे.

बाप माझा शिमग्यात संकासुर व्हायचा.
काळा झगा, उंच टोपी, तागाची दाढी,
पायांत घुंगरं, हातात दोर.
आठव्या वर्षापासून त्याचे बंद मी बांधायचे.
"वरचा ढिला ठेव गो बाय, दम कोंडतो."
गावातली पोरं त्याला बघून माडामागे पळायची.
मला कधी भ्यायला जमलंच नाही.
ज्याच्या पाठीची गाठ आपण मारली
त्याला काय भ्यायचं?

पहाटे घरोघर नाचून आला की गाठी सोडायचे,
आणि काळ्या कापडातून वाफ निघायची,
भाताच्या टोपावरचं झाकण उचलल्यासारखी.
आत एवढासा माणूस.
तांब्याभर पाणी एका दमात प्यायचा
आणि टोपी मांडीवर घेऊन बसून राहायचा,
दुसऱ्या कुणाचं डोकं सांभाळत असल्यागत.

हा सिनेमा सगळा चितारलेला.
तन्मेशला माहिती असतं सगळं:
जपानची जुनी मालिका, खरी माणसं घेऊन केलेली,
आता अमेरिकेने आणि त्यांनी मिळून काढली चित्रांत.
रुपेरी माणूस अजून तोच, डोंगराएवढा,
आणि राक्षसिणीचं पोर त्याच्या पदरात पडतं,
म्हणजे पदर नाहीच त्याला, म्हणून हातात.

पोर रडतं. ओकतं. त्याला उचकी लागते
तर तीन इमारतींच्या काचा जातात.
शत्रूचं पोर! पण रात्री कोण हिशेब ठेवतो.
तो त्याला घेऊन पुलाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला,
पुन्हा ह्या टोकाला,
जसा माझा भाऊ हिंडायचा धक्क्यावर
ह्याच तन्मेशला खांद्यावर टाकून,
पलीकडच्या दाभोळचे दिवे दाखवत,
एक, दोन, तीन, झोप रे बाबा.
भाऊ आता ओमानच्या बोटीवर.
तन्मेश स्क्रीनकडे बघतोय, मी तन्मेशकडे.

मग तो वळला.
पाठ गुळगुळीत, सुरमईच्या पोटासारखी.
चेन नाही, बंद नाही, शिवण नाही.
आत कोणी नाही.
मला उगाच वाईट वाटलं.
इतकं लढून आल्यावर
पाणी द्यायचं कुणाला?

"थांब. मागे घे जरा."
"काय झालं?"
"मागे घे."
पोराला खांद्यावर टाकताना त्याचा हात दुमडला,
आणि कोपराच्या आतल्या बाजूला
दोन चुण्या.
धातूला अशा पडत नाहीत.
चामडीलाही नाहीत.
अशा कापडाला पडतात,
मापापेक्षा जरा सैल शिवलेल्या,
आणि आत हात असला तरच.
चितारणाऱ्याने लहानपणी
असाच एखादा रविवार बघितला असणार.
सगळं पुसून नवं केलं त्याने,
कोपर तेवढं राहून गेलं.

"काय बघत्येस एवढं?"
"काही नाही. चालू कर."

मशीनवर यंदाचा झगा आहे,
पालशेतकरांच्या धाकट्याच्या मापाचा.
त्याला बंद नकोत, चेन हवी.
पटकन निघते म्हणतो.
लावत्ये.
वर दोन बोटं सोडून.