बाटली अकरा

काल रात्री मावठं होऊन गेलं.
सकाळी जानापावच्या उतारावर
मी आणि गेंदालाल नरसाळ्यांखालच्या बाटल्या उचलतो.
सहा मोकळ्यावर, सहा झाडांखाली.
अकरा नंबरचं पाणी फिकट चहासारखं.

थोडं पेल्यात ओतून मीटर बुडवते.
'सामू,' मी मराठीत पुटपुटते
आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत गप्प राहते.
सात वर्षांत गेंदालालची खात्री झालीय
की सामू हे कुणाचं तरी नाव.
"आज कैसा है सामू?"
दवाखान्याच्या पायरीवर विचारावं तसं विचारतो.
मोकळ्यावर पाच पूर्णांक चार.
अकरामध्ये चार पूर्णांक सहा.
"ठीक नहीं," मी म्हणते.
तो टोपी काढून पुन्हा घालतो.

आमचे बाबा मिलमध्ये होते.
रामबागेतल्या गच्चीवर आई
वाळलेलं धोतर झटकायची
आणि काजळी उडायची,
काळी, ढळढळीत, नाव-गाव असलेली.
भोंगा कुणाचा, धूर कुणाचा, पोरासोरांनाही ठाऊक.
मिल बंद पडली. कपडे पांढरे राहू लागले.

आता जे येतं ते दोरीवर दिसत नाही.
पीथमपूरच्या चिमण्यांतून, घाटातल्या ट्रकांतून,
गव्हात फेकलेल्या युरियातून,
माझ्या स्कूटरमधूनसुद्धा
उत्तरेच्या वाऱ्यावर बसून येतं
आणि सागाच्या पानावर उतरतं.
एकेक पान थाळीएवढं.
महिनाभर साचतं.
मग असं एखादं मावठं थाळ्या विसळून टाकतं,
खाली.

विषच असतं तर सोपं होतं.
खत आहे ते.
पंगतीतला वाढपी जसा
आडवा हात न बघता वाढत सुटतो,
तसं.
घाणेरी जेवते, पुन्हा पान मांडते.
ज्यांना अर्ध्या घासाची सवय होती
ते उठून जातात, हात न धुता.

दगडफूल त्यांतलं.
काळ्या मसाल्यासाठी आई सियागंजहून पुडी आणायची.
मला वाटायचं ते दुकानातच होतं,
खोबरं-खसखशीच्या मधल्या डब्यात.
इथं मोहाच्या सालीवर पहिल्यांदा पाहिलं,
राखाडी, कुरळं, चक्क जिवंत,
तेव्हा एकटीच मोठ्यानं हसले होते.
दक्षिणेच्या अंगाला अजून आहे थोडं.
उत्तरेकडची साल
पुसलेल्या पाटीसारखी.
भिंग लावलं. नखानं चाचपलं.
वास घेऊन पाहिला.

नमुना भरून उरलेलं अकराचं पाणी
गेंदालाल वाटेत फेकत नाही.
त्याच मोहाच्या बुंध्याशी नेतो,
वाकून, धार न तोडता ओततो.
"पेड़ का था, पेड़ को."

मी वहीत तारीख घालते.
त्याला थांबवायला हवं होतं का,
याला माझ्या वहीत रकाना नाही.