पृथ्वी, सातपूरच्या खोलीत

तिसऱ्या रात्री उठली एकदाची.
तोवर नुसता काळा गोळा
आणि टर्मिनलची एकच तक्रार:
ग्राफिक्सचा ड्रायव्हर सापडत नाही.
सेकंड शिफ्टहून आलेला निरगुडे म्हणाला,
लिनक्सचं लचांड कशाला घेतलंस गळ्यात?
मी सुडो, सुडो करत राहिलो.

मग आफ्रिका आली, धूसर, ठिगळाठिगळांनी.
पंखा घरघरला.
खाली उतरलो: गंगापूर धरण, सोमेश्वर,
गंगा, जिला नकाशा गोदावरी म्हणतो,
सातपूरची आमची गल्ली
आणि आप्पांच्या वेल्डिंग शेडवरची निळी ताडपत्री,
जी मागच्या माघात मीच उतरवली.
घडी करून माळ्यावर आहे ती,
इथे मात्र उन्हात ताणलेली.

बाण तिच्यावर ठेवला,
माउस सोडून दिला.
हँग झालं का? निरगुडेनं विचारलं.
हो म्हणालो.