दुसरी काच

मंगळवारी सातला बामणोलीतून निघते.
मागे बांधलेल्या निळ्या डब्यात
बर्फाच्या दोन पिशव्या,
थुंकीच्या अकरा डब्या,
प्रत्येकीवर माझ्याच अक्षरात नाव, वय, गाव.
दहाच्या आत साताऱ्याची लॅब गाठायची.

पाऊस बाहेरून येतो, तो पुसता येतो.
हातमोज्याचं बोट फिरवलं की रस्ता परत हजर.
पण अंधारीची चढण लागली की
काच आतून पांढरी होते.
आत हात घालायचा तर थांबावं लागतं,
आणि मी थांबले म्हणून
मागचा टेम्पो थांबेलच असं नाही.
माझाच श्वास, चहाच्या वासाचा,
माझ्याच नाकासमोर पडदा ओढून बसतो.
म्हैस, मैलाचा दगड, एसटीचे दिवे,
सगळं ताकात पडल्यासारखं.

उपाय सांगायला अख्खा जिल्हा तयार.
नणंद म्हणाली, बटाट्याची फोड चोळ.
चोळली. चतुर्थीपर्यंत हेल्मेटला
उपासाच्या भाजीचा वास.
आमचे फार्मासिस्ट म्हणाले, दाढीचा साबण.
पंपावरचा पोरगा म्हणाला,
मॅडम, नाकानं श्वासच घेऊ नका.
मग कुठनं घेऊ रे बाबा?
बोगद्याजवळचे इलाही मिस्त्री
पाना खाली न ठेवता म्हणाले,
"बोटभर उघडी ठेवा की."
ठेवली. यवतेश्वरच्या घाटात
त्या बोटभर फटीतून सुया शिरल्या.
डोळे असे वाहिले की
लॅबमधल्या बाईंनी विचारलं, कोण गेलं?

पुढच्या मंगळवारी मिस्त्रीच म्हणाले,
"काच गार, श्वास गरम, भांडण तिथं आहे.
मधे एक पातळ पडदा बसवा, थोडी हवा कोंडा.
तुमच्याकडं एक्सरे असतात ना?"

कपाटात तळाला एक होता.
बबई ढेबे, वय एकोणचाळीस,
उजवीकडं वर, कापसाच्या बोळ्याएवढा डाग.
सहा महिने गोळ्या गिळल्या तिनं,
लघवी लाल झाली तेव्हा घाबरून पळत आली,
गोळ्या मात्र सोडल्या नाहीत.
वैशाखात पळसाच्या पानात करवंदं घेऊन आली.
"ते चित्र ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच," म्हणाली,
"घरात छातीचा फोटो कुठं लावू?"

विहिरीत टाकतो त्या टीसीएलच्या पाण्यात
तो रात्रभर बुडवला.
सकाळी बोटानं घासलं
तर आधी नाव गेलं,
मग बरगड्या एकेक करून सुटल्या.
डागाला जरा वेळ लागला.
बादलीत काळा गाळ,
हातात निळसर, कोरा, लवचिक तुकडा.
कात्रीनं कापला, कडेला सिलिकॉनची बारीक वळी,
आतून चिकटवला.

आता कोपऱ्यांत थोडं धुकं धरतं,
हनुवटीपाशीही. मधे धरत नाही.
कासच्या पठारावर ढग रस्त्यावर बसलेला असतो,
तो काही माझ्या हातात नाही,
पण निदान तो बाहेरचा आहे हे कळतं.
म्हैस दिसते. तिच्या पाठीवरचा बगळा दिसतो.

आजच्या अकरातली चौथी डबी
सोपान ढेबे, वय चौदा.
घरातल्या सगळ्यांची तपासायचीच असते,
नेहमीचंच आहे, असं मी बबईला सांगितलं.
ती डबीकडं बघत होती.
मी झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं.

तिच्या कोऱ्या छातीतून रस्ता बघत
मी वळण घेते.
पाऊस बाहेरून आपटतो.
पुसते.
नऊ वीस झालेत.