डागाची जागा

चैत्र सरत आलाय, दुपारी पत्रा तडतडतो,
आणि मी लोकर घेऊन बसलेय.
समोरच्या भाग्यव्वा उंबऱ्यावरून विचारतात,
कुणाला गं एवढी थंडी वाजली?
अजून कुणाला नाही, मी म्हणते.

सुयांवर एकशे एकवीस टाके.
दोन सुलट, एक वेढा, दोनाचा एक, पुन्हा वेढा.
वेढा घेतला की भोक पडतं,
दोनाचा एक केला की पान त्या अंगाला कलतं.
एवढंच आहे. बाकी मोजणं.

नक्षी पुस्तकातली नाही.
धाकट्याच्या शाळेची बस नान्नजला निघाली होती,
सोबतीला आया हव्या होत्या.
सर दुर्बीण फिरवत राहिले,
पोरं दबक्या आवाजात भांडत राहिली,
माळढोक काही आला नाही.
रात्री साडीच्या काठातून कुसळं उपटत बसले,
एकेक दिव्याखाली धरून:
टोक, पीळ, मागे केसासारखी शेपटी.
त्यातलं एक अजून सुयांच्या डबीत आहे.
त्याच्यावरून ही ओळ.

अप्पा फोल्डिंग खात्यात होते, एकतीस वर्षं.
टेबलावरून चादर सरकायची, खालून ट्यूबलाइट,
आणि अप्पा बघायचे.
तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा थेंब.
आणि चिल्लु.
चिल्लु म्हणजे भोक. घरात तो शब्द
शिवीसारखा यायचा.
खिशात लाल सुताची गुंडी. डाग दिसला की
किनारीला लाल दोरा, चादर सेकंडच्या ढिगात.
आम्ही बहिणी सेकंडच्याच पांघरून वाढलो.
झोप येईस्तोवर मी तो दोरा बोटाला गुंडाळायचे.

त्यांना कसं सांगू, की दीड महिना
मी नुसती भोकं पाडतेय?

शेवटचा टाका बंद केला तेव्हा
हातात चुरगळलेलं फडकं होतं. खरंच सांगते,
ओटा पुसायलाही कुणी घेतलं नसतं.
बादलीत भिजवलं, टॉवेलात दाबलं,
गच्चीवर गादी टाकून
चारी बाजूंनी टाचण्या लावत ताणलं,
आणि माळ उघडला.
सगळं गवत एका अंगाला वाकलेलं,
जसं त्या दिवशी होतं.
सोलापूरचं ऊन. चहाला उकळी येईतो वाळलीसुद्धा.

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत आता धुकं आहे.
शाल त्यांनी मांडीवर घेतली.
अंगठा आणि तर्जनी, काठाकडून आत,
तोच जुना वेग.
चिल्लु, म्हणाले. चिल्लु. चिल्लु.
मग गप्प झाले. ओठ तेवढे हलत होते.
मी चहा गाळत होते, मागे वळले नाही.

हे नाही, म्हणाले.
काय नाही?
हे भोक तुझं नाही.

उजेडाकडे धरलं. एकोणिसावी ओळ.
निसटलेला टाका, दोन घरं खाली उतरलेला,
हजारभर भोकांत लपून बसलेला.
उसवते, मी म्हटलं, आणि घसा दाटला,
कारण उसवायचं म्हणजे वरचा सगळा माळ.

अप्पांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला.
चौदा वर्षं झाली काम सुटून,
कारखान्याच्या जागी मंगल कार्यालय आहे,
आणि खिशातून लाल सूत निघालं.

गाठ मारायला त्यांना वेळ लागला.
मी मदत केली नाही.
सेकंडची आहे, म्हणाले, आता घरातच राहील.
आणि खांद्यावर ओढून घेतली,
बेचाळीस डिग्रीत.