गेज

बैकालचं मी सांगत होते, अण्णा,
अख्खी सकाळ खिडकीत नुसतं पाणी
आणि पाण्याच्या काठाकाठाने गाडी,
तर तुम्ही मध्येच:
"रूळ किती रुंद होते?"

जनकगंजातली तुमची खाट, चार विटांवर उचललेली.
उशाशी ती सागाची पट्टी, दोन फुटांची,
दोन्ही टोकांना पितळी टोपणं.
बत्तीस वर्षं घोसीपुऱ्यापासून सबलगढपर्यंत
वाकून वाकून हिनेच रूळ मोजलेत तुम्ही.
रिटायर झाल्यावर दारं मोजलीत, ओटा मोजलात,
माझ्या लग्नात मांडव मोजलात
आणि व्याह्यांना सांगितलंत, अर्धा इंच फाकलाय.

मला सांगायचं होतं ते वेगळंच.
गालिना, आमच्या डब्याची राखणदारीण,
समोवारपाशी उभी राहून मुरैन्याची गजक खाताना
एकेक तीळ दाताने फोडणारी.
भूर्जांची पांढरी खोडं, हजार मैल,
पाहुणे यायचेत म्हणून कुणी चुना फासून ठेवल्यासारखी.
उलानबातारला चढलेली ओयुन,
सहा ब्लँकेटं आणि एक शिवणयंत्र घेऊन.
यंत्र तिने माझ्या बर्थखाली सारलं
आणि मोबदल्यात सुकं दही दिलं, दगडासारखं.
तीन तास चघळलं. संपलं नाही.

"ते असू दे. चीनचे?"

चीनचे अरुंद, अण्णा. तीन इंचांहून थोडे जास्तच.
तुम्ही उठून बसायला बघितलंत.

मग सांगितलं.
एर्लियान. मध्यरात्र. गाडी शेडमध्ये नेली,
डबे सुटे केले, संडासांना कुलपं घातली,
एकेका डब्याला चार जॅक लावले.
आवाज असा नाहीच. पेल्यातला चहासुद्धा हलला नाही.
पलीकडच्या रुळावरचा खांबाला टेकलेला टक्कलवाला
हळूहळू खाली जाऊ लागला,
तेव्हा कळलं, वर चाललोय ते आपण.
खालून जुनी चाकं ढकलत गेली, दुसरी आली.
ओयुन घोरत होती.

"माणसं उतरवली नाहीत?"
नाही.
"सामान?"
नाही हो. यंत्रसुद्धा नाही.

तुम्ही छताकडे पाहत राहिलात.
आपल्या ग्वाल्हेरला छोटी लाइन संपली की
मोहरीची पोती पाठीवरून मोठ्या लाइनीत जायची,
हमालांची पोत्यामागे चार आण्यांवरून भांडणं,
बायका, पेटी डोक्यावर, पोर काखेत, पूल चढायच्या.
"मग आपल्याकडे का नाही," म्हणालात,
आणि उत्तरही तुम्हीच दिलंत:
"दोन फुटांवर तो मोठा डबा ठेवला तर उलटेल की."
हसलात. मग बराच वेळ खोकलात.

पाचाला रजनी आली, नर्स, कुशवाहांची.
तुम्हाला कुशीवर वळवलं,
ओली चादर गुंडाळत गुंडाळत पाठीशी आणली,
कोरडी तिच्यामागून उलगडत सरकवली,
मग त्या कुशीवरून या कुशीवर.
पाय खाटेखाली आला नाही.
"हो गया दादाजी."
तुम्ही माझ्याकडे बघितलंत.
"तिकडे किती वेळ लागला?"
चार तास.
"ही चार मिनिटांत करते."

छोटी लाइन तेव्हा चालू होती अजून.
संध्याकाळी शिटी ऐकू आली, मोतीझीलच्या बाजूने,
तुम्ही सवयीने घड्याळ पाहिलंत,
आणि काही न बोलता पट्टी चाचपलीत.

आता ते रूळ उपसलेत.
पट्टी माझ्याकडे, एक टोपण पडलंय.
बैकालचं राहिलं ते राहिलंच.
त्याची खोली मोजलेली आहे, अण्णा.
पाच हजार तीनशे सत्त्याऐंशी फूट.
हे मी आधी सांगायला हवं होतं.